दीड इंची नवी

"नयाले पानी नाई."

*

सूचना क्र. ३ : उत्तरदात्याचे शब्द जसेच्या तसे टिपावेत. आपल्या मनाचे काही घालू नये.

*

नागपूर जलद, चार वाजून दहा मिनिटं. ती चुकली तर पुढची आर्वीकडून येते, आणि येते तेव्हा तिच्यात पाय ठेवायला जागा नसते.

*

फवारणीचा पंप मोडला की त्याचं काय करायचं, हे व्यवस्थापनशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात दिलेलं नाही.

*

दोनशे पानी वही. कव्हरवर बॉलपेनने काढलेलं कापसाचं बोंड. शेवटची दिसली जानेवारीत.

*

"शिरोये नाही. शिरोळे. ळ! जीभ वर लावायची, तानबा. वर."

*

'कु. हर्षा तिमांडे यांनी सादर केलेला लघुप्रबंध नक्कल असल्याचे सिद्ध झाल्याने तो रद्द करण्यात येत आहे. त्यांना पुढील तीन वर्षे परीक्षेस बसता येणार नाही.' खाली सहीसाठी जागा. कोरी.

समस्येचे विधान

ती कोरी जागा मोहिनी भोयर यांच्यासाठी होती.

एप्रिल २००४. वर्ध्याचं एक व्यवस्थापन महाविद्यालय. मोहिनीबाई नागपूरहून तोंडी परीक्षा घ्यायला आल्या होत्या. जन्म कारंजा घाडग्याचा, शिकवण्यात तीस वर्षं गेलेली. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'कात्री' म्हणत आणि ते त्यांना माहीत होतं.

त्या वर्षी पहिल्यांदाच मराठीतून लघुप्रबंध लिहायची मुभा मिळाली होती. दोघांनीच ती घेतली. दोघांचा विषय जवळपास सारखा : हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कामगारांना सुचलेल्या नव्या युक्त्या आणि त्यांचं मालक काय करतात. काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेले दोन प्रबंध बाईंनी शेजारी ठेवले. चौथं प्रकरण उघडलं. मग दुसऱ्यातलं चौथं प्रकरण उघडलं. मग चष्मा पुसला.

तेच प्रकरण. तीच मुलाखत.

"प्रफुल चांडकचा पंधरा मार्चला आला," प्राचार्य म्हणाले. "हर्षा तिमांडेचा तीस मार्चला. आधी आलं ते खरं. पत्र टाइप करून ठेवलंय. तुम्ही सही करा, चहा येतोय."

"आधी आलेल्याला आधी मिळतं ते रेशनच्या रांगेत."

"मॅडम, प्रफुलचे वडील, मोतीलालजी, आपल्या नियामक मंडळावर आहेत."

"मग चहा चांगला असेल," बाई म्हणाल्या. "येऊ द्या. सही नाही येणार इतक्यात."

त्यांनी घड्याळ बघितलं. अकरा वाजले होते. बस चार दहाला.

उत्तरदाती : हर्षा

मुलगी बसली नाही. उभी राहिली. कपाळाला घाम, आणि तो पुसायचा नाही असं ठरवलेलं.

"कोणी कोणाचं चोरलं?"

"तुम्ही पत्र टाइप करून बसल्या आहात. मला कशाला विचारता?"

"पत्र मी टाइप केलेलं नाही. मी इतक्या चुका करत नाही. बोल."

चौथं प्रकरण म्हणजे एका फिटरची मुलाखत. प्रबंधात तो 'उत्तरदाता क्र. ७'. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात चामड्याचा रोलर असतो. तो घासून घासून तापतो, आणि रुईशेजारी तापलेली वस्तू म्हणजे आगीला आवतण. या फिटरने पंख्याच्या पेटीतली हवा रोलरवर सोडली. रोलर थंड राहू लागला. एवढीच युक्ती. हंगामात दोन वेळा आग लागायची, ती थांबली.

"क्रमांक सातचं नाव काय?"

"प्रबंधात नावं देत नाहीत."

"मी प्रबंध नाही. मला सांग."

"नाई."

नाही नव्हे, नाई. बाईंनी वर पाहिलं.

"तो येऊन दोन शब्द बोलला की तू सुटलीस. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

हर्षा खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर प्रफुलची मोटारसायकल उभी होती.

"मूळ टिपणं कुठं आहेत?"

"दोनशे पानी वही होती. जानेवारीत शिरोळे सरांना तपासायला दिली. मार्गदर्शक आहेत ते, माझे पण आणि प्रफुलचे पण. फेब्रुवारीत मागितली तर म्हणे, परत केली."

"पुरावा?"

"तुम्ही घेत होत्या का तुमच्या सरांकडून पोचपावती?"

बाईंना राग आला. मग तो गिळावा लागला, कारण उत्तर बरोबर होतं.

"वही नाही, तर प्रबंध लिहिला कशावरून?"

"देण्याआधी चौथं प्रकरण उतरवून काढलं होतं. शुद्ध भाषेत."

"आणि वहीत?"

"तो बोलला तसं. सूचना क्रमांक तीन, शब्द जसेच्या तसे. शुद्ध करायचं, हीपण सरांचीच सूचना. क्रमांक नऊ."

प्रकरण चौथे, दोनदा

हर्षा, पान ५८ :

*त्यानंतर मी पंख्याच्या पेटीला जुनी दीड इंची नळी बसवली. त्याआधी तिथे काहीच नव्हते. नुसता धूर.*

प्रफुल, पान ६१ :

*त्यानंतर मी पंख्याच्या पेटीची जुनी काढून दीड इंची नवी बसवली. त्याआधी तिथे काहीच नव्हते. नुसता धूर.*

बाईंनी पेन्सिल घेतली. सगळं प्रकरण ताडून पाहिलं. मजकुरात मुख्य फरक एकाच शब्दाचा, पण चौदा ठिकाणी. जिथे हर्षाची नळी, तिथे प्रफुलची नवी.

"टायपिंगची चूक," प्राचार्य खांद्यावरून म्हणाले. "ळ आणि व."

"चौदा वेळा?"

प्रफुलच्या पाचव्या प्रकरणात तर त्यावर एक सिद्धान्तच होता : *उत्तरदात्याच्या बोलण्यात 'नवी' हा शब्द चौदा वेळा येतो. जुने टाकून नव्याचा स्वीकार करण्याची ही तळागाळातील आस नवकल्पना व्यवस्थापनाचा पाया ठरते.*

बाईंनी एका वाक्याखाली रेघ मारली. त्या सिद्धान्ताखाली नाही. 'त्याआधी तिथे काहीच नव्हते' याच्याखाली.

उत्तरदाता : प्रफुल

तो येण्याआधी त्याचा आवाज आला. व्हरांड्यातून.

"डोये फुटले का बे तानबा? गाडीले हात काऊन लावून राह्यला?"

"सावलीत करत होतो भाऊ, शीट तापते म्हणून," म्हाताऱ्या शिपायाचा आवाज.

मग दार उघडलं आणि तोच मुलगा शुद्ध मराठीत म्हणाला, "नमस्कार मॅडम. माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला."

"अजून झालेला नाही. बस. ही मुलाखत तू घेतलीस?"

"हो. जिनिंग आमचीच आहे. मी तिथेच वाढलो. रुईच्या गंजीवर उड्या मारल्यात, फिटर लोकांबरोबर डबा खाल्लाय. तिला तर आत यायची परवानगीही नव्हती. जेवणाच्या सुट्टीत गेटवर गाठायची लोकांना."

"म्हणजे ती गेली होती."

प्रफुलने किल्ली टेबलावर ठेवली. पुन्हा उचलली.

"मॅडम, तुम्ही तिच्याकडून त्या फिटरचं नाव काढा. पप्पांना पाहिजे आहे. मालकाला न विचारता यंत्राला हात लावतो म्हणजे काय? उद्या काही झालं असतं तर?"

"काही झालं नाही. आग थांबली."

"पण विचारलं नाही ना!"

"नाव पाहिजे," बाई सावकाश म्हणाल्या. "तू मुलाखत घेतलीस. त्याच्याबरोबर डबा खाल्लास. आणि तो कोण, हे तू *तिला* विचारतोस."

पंखा किरकिरत होता. प्रफुलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मी खूप लोकांच्या घेतल्या. कोण कोण ते लक्षात नाही."

"जा. लांब जाऊ नकोस."

तो गेल्यावर बाईंना दोन गोष्टी कळल्या होत्या. मुलाखत याने घेतलेली नाही. आणि ती मुलगी गप्प का आहे.

उत्तरदाता : सचिन

कॉलेजसमोर टाइपिंगचं दुकान. पुलगावचा पोरगेलासा माणूस, बोटं टोकाशी चपटी झालेली.

"दोन्ही प्रबंध तुझ्याच कम्प्युटरवर होते?"

"होते ना म्याडम. मंग? सगयं वर्ध्याचं माह्याच कम्प्युटरवर आहे. लग्नपत्रिका, कोर्टाचे कागद, सगयं. मी काऊन चोरू? मले कोण डिग्री देऊन राह्यलं?"

"हर्षाचं कशावरून टाइप केलंस?"

"ताईनं हातानं लिहून आणलं होतं. शुद्ध. तसंच्या तसं मारलं."

"'नळी' होतं की 'नवी'?"

"नळी." तो न थांबता म्हणाला. "दहा-बारा बार आलं, याद आहे मले. ळ साठी बोट लांबवा लागते."

"वही पाहिलीस कधी? बोंड काढलेली?"

"नाई जी."

"प्रफुलचं?"

"प्रफुलभाऊचं फ्लॉपीतच आलं टाइप होऊन. मी निसत्या प्रिंटा मारल्या अन् बायंडिंग. त्यानंच आणून देल्ली फ्लॉपी."

"त्याने वाचून पाहिलं?"

सचिन हसला. "त्यानं? कव्हरवर नाव बरोबर आहे का तेवढं पाह्यलं."

उत्तरदाता : मार्गदर्शक

योगेंद्र शिरोळे पुण्याहून आले त्याला सहा वर्षं झाली होती. अजून ते 'तुमच्याकडे' म्हणत. तुमच्याकडे ऊन फार, तुमच्याकडे तिखट फार. महाविद्यालयाच्या आवारातच राहत आणि भाजीसुद्धा तानबाकडून मागवत.

"दुर्दैवी प्रकार," ते म्हणाले. "मुलगी हुशार होती. पण घरचं वातावरण, तुम्ही समजू शकता."

"मी कारंज्याची आहे. समजू शकते. वही कुठंय?"

"परत दिली. फेब्रुवारीत."

"वाचली होती?"

"चाळली. असल्या बोलीतल्या नोंदी वाचायच्या म्हणजे डोकेदुखी."

दार ढकलून तानबा आत आला. हातात रिकामा जग.

"शिरोये सर, नयाले पानी नाई."

"शिरो*ळे*!" सर खेकसले. "आणि नव्याला नसेल तर जुन्यातलं आण. माठ आहेत ना दोन? एवढंही सांगावं लागतं! पाहिलंत मॅडम? सहा वर्षं हे असं."

तानबा जग घेऊन उभा राहिला. त्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. दोघांपैकी कोणीच हसलं नाही, पण तानबाच्या मिशीला ते जड गेलं.

"तुमची नेमणूक कायम कधी होते, सर?" बाईंनी विचारलं.

"एक जूनला मंडळाची बैठक आहे. का?"

"सहज. सगळ्यांना बोलवा प्राचार्यांच्या खोलीत."

साडेतीन वाजले होते.

विश्लेषण

खोलीत खुर्च्या कमी होत्या. सचिन आणि हर्षा उभे. प्रफुल बसलेला.

"प्रबंधाची तोंडी परीक्षा आहे," बाई म्हणाल्या. "एकच प्रश्न. चिठ्ठीवरचं वाचायचं आणि अर्थ सांगायचा. प्रफुल, तू आधी."

चिठ्ठीवर तीन शब्द होते. *जुनी नयी बसोली.*

"जुनी नळी बसवली," प्रफुल म्हणाला. "यात काय आहे?"

"सचिन?"

"नळी. पाइप जी."

"शिरोळे सर?"

सर हसले. "यात विचारण्यासारखं काय? जुनी... नवी बसवली. मधला शब्द गाळलाय, जुनी *काढून* नवी बसवली. 'नयी' हा हिंदीचा प्रभाव. तुमच्याकडे—"

ते थांबले.

सगळ्यांच्या आधी सचिनला कळलं. त्याने हळूच "अरे बाप" म्हटलं.

"आमच्याकडे," बाई म्हणाल्या, "ळ चा य होतो. डोळे नाही, डोये. सगळं नाही, सगयं. नळाला पाणी नसलं तर नयाले पानी नाई. वहीत हर्षाने जसंच्या तसं लिहिलं होतं, तुमच्याच सूचनेप्रमाणे : *जुनी नयी बसोली.* हर्षाच्या तळटीपेत आहे, मोडक्या फवारणी पंपाची जुनी नळी होती ती. ज्याने हे प्रफुलसाठी लिहिलं, त्याने नयी म्हणजे नवी वाचलं. मग 'जुनी' शब्द लोंबकळायला लागला, म्हणून पदरचं 'काढून' घातलं. पण पुढचं वाक्य बदलायचं राहिलं. त्याआधी तिथे काहीच नव्हतं. काहीच नव्हतं, तर जुनी काढली कुठून?"

"मुलीने नंतर दुरुस्त केलं असेल," सर म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

"'जुनी काढून नवी' वाचून 'जुनी नळी' कोणाला सुचेल? चूक 'नयी'वरूनच होते, आणि 'नयी' फक्त वहीत होतं. सचिनकडे वही नव्हतीच, त्याने 'नळी' पाहिलं, 'नळी' मारलं. प्रफुलने वही चोरली असती, तर तो चुकला नसता. तो आळशी आहे, खोटारडा आहे, पण हिंगणघाटचा आहे. राहिलं कोण? ज्याच्याकडे वही होती आणि ज्याला ती वाचता येत नव्हती. तो एकच माणूस आहे."

"हा अपमान आहे!"

"सहा वर्षं लोक तुम्हाला शिरोये म्हणतात. सहा वर्षं! एवढी आधारसामग्री रोज कानावर पडली आणि एक नियम काढता आला नाही. आणि तुम्ही संशोधन शिकवता."

प्रफुल उभा राहिला. तो बाईंवर चिडला नव्हता.

"सर, तुम्ही म्हटलं होतं पक्कं आहे. म्हटलं होतं ना? तिचं नंतर येईल, आळ तिच्यावर जाईल. पप्पा बैठकीचं बघतील. अन् आत हे लिहून ठेवलं? चौदा बार?" मग भाषा पूर्ण सुटली. "माह्या मिलमधले लोक वाचतीन तं हासतीन ना बे मले!"

त्याला चोरीची लाज नव्हती. चुकीची होती.

निष्कर्ष

हर्षाला थांबवून, बाकीच्यांना बाहेर पाठवून प्राचार्यांनी दार लावून घेतलं. "मॅडम, नुसत्या एका शब्दावर मी मंडळापुढे कसा जाऊ? त्या फिटरलाच बोलावू. मोतीलालजींसमोर त्याने सांगितलं की बाब पक्की. तिमांडे, नाव सांग त्याचं."

हर्षाने टेबलाची कड धरली. सकाळपासून पहिल्यांदा तिचा चेहरा उतरला.

"सांग ना. तुझाच फायदा आहे."

"नाई सांगत. मले नापास करा."

"गरज नाही," मोहिनीबाई म्हणाल्या. "प्रफुल आत्ता सगळ्यांसमोर काय बोलला ते लिहून घ्या आणि खाली त्याची सही घ्या. नाहीतर मी विद्यापीठात देते दोन्ही प्रबंध आणि ही चिठ्ठी. शब्द पुरतो."

त्यांनी टाइप केलेलं पत्र उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. मूळ लेखन कु. तिमांडे यांचे. चांडक यांचा प्रबंध रद्द. मार्गदर्शकांची विद्यापीठाकडून चौकशी व्हावी. शेवटची ओळ त्यांनी दोनदा गिरवली : *उत्तरदाता क्र. ७ यांची ओळख पटवणे या चौकशीस आवश्यक नाही व तसा प्रयत्न कोणी करू नये.*

सही केली. आता ती बाजू कोरी नव्हती.

व्हरांड्यात हर्षा मागून आली.

"मॅडम."

"आभार मानू नकोस. तुझं पाचवं प्रकरण भिकार आहे. पुस्तकातली व्याख्या उचलून ठेवलीस : नवकल्पना म्हणजे नव्याचा स्वीकार. शिरोळेने चुकून जे लिहिलं, तेच तू शहाणपणाने लिहिलंस. चौथ्यात तर तुझा माणूस जुनी नळी लावतो."

हर्षाने कपाळावरचा घाम पुसला.

"वाचताना दिसलं नाही," ती म्हणाली.

"पंधरा दिवस देते. पुन्हा लिही."

"आणि वही?"

"जाळली असेल त्याने. तुला तोंडपाठ नाही?"

"आहे."

"मग झालं."

गेटवर तानबा जग घेऊन उभा होता. या वेळी भरलेला. "बाई, चार दहाची गेली," तो म्हणाला. "आर्वीवाली येईन आता. जागा नाई भेटनार तुमाले." बाई उभ्या उभ्या पाणी प्यायल्या.

परिशिष्ट

१९९६ च्या हंगामात, दसऱ्यानंतरच्या सोमवारी, हरिदास नावाच्या फिटरने मोतीलालजींकडे पंख्याच्या पेटीसाठी दीड इंची नवी नळी मागितली होती. मोतीलालजी नाही म्हणाले.